सुटलेल्या गाठोड्यांसाठी योग्य शब्द

७ जून, शनिवार. दुपार.

ताई सकाळी नणंदेकडे गेली. सोमवारी येईल. भावोजी ट्रकवर, ते महिनाअखेरीस. लाँड्री काकांच्या ताब्यात, घर माझ्या. काका म्हणजे आमचे इस्त्रीवाले काका. नात्याने कोणी नाहीत, पण भावोजींच्या आधीपासून दुकानात आहेत.

जाताना ताई म्हणाली, घरात पसारा करू नकोस आणि दुकानात घोळ घालू नकोस. एकाच गोष्टीला दोन शब्द. मराठीत हे असंच चालतं, जो तोंडात येईल तो. इंग्रजीत असं चालत नाही. इंग्रजीत प्रत्येक गोंधळाला स्वतंत्र शब्द आहे आणि तो चुकला की माणूस उघडा पडतो.

आजपासून इंग्रजीच्या पुस्तकातला चौदावा धडा: गोंधळ आणि मिश्रण दाखवणारे शब्द. (पुस्तकाला मुखपृष्ठ नाही, म्हणून स्वस्तात मिळालं. आतला मजकूर पूर्ण आहे.) अठराला हॉटेलात मुलाखत आहे, जागा लिनन रूम असिस्टंटची. चादरी-टॉवेलांचा हिशेब. लाँड्रीत राहणाऱ्या माणसाला याहून योग्य जागा नाही. शिक्षण थोडं कमी पडतं, पण शुद्धलेखनात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. शाळेत बाई माझी वही वर्गात फिरवायच्या. नापास झालो तो गणितात.

संकल्प: रोज एक शब्द. नुसता पाठ नाही, वापरायचा.

आजचा शब्द: मेस. घाण किंवा अस्ताव्यस्तपणा, जो कोणालाही दिसतो. वापर: ओट्यावर मेस आहे. (खरोखर आहे. उद्या आवरतो.)

८ जून, रविवार. दुपार.

आज दुकान बंद. घरात पंख्याच्या आवाजाने अभ्यास होईना म्हणून काकांकडून दुकानाची किल्ली आणली. काका म्हणाले, "बसा लाटसाहेब, फक्त कशाला हात लावू नका." ते सगळ्यांशीच असं बोलतात.

क्लटर: नको तिथे नको तितक्या वस्तू. धडा वाचून मान वर केली आणि प्रथमच आमच्या दुकानाकडे लिनन रूम असिस्टंटच्या नजरेने पाहिलं. तीन भिंतींना मांडण्या, मांडण्यांवर गाठोडी. प्रत्येक घराचे कपडे त्याच घराच्या चादरीत बांधलेले. चिठ्ठी नाही, नंबर नाही. डॉक्टरीणबाईंच्या गाठोड्याला सशासारखे दोन कान. मास्तरांची गाठ पिळून आत खोचलेली. बँकवाल्यांची चारही टोकं एकाच बाजूला. जो तो आपल्या घरच्या सवयीने बांधून आणतो आणि ताई, काका इस्त्री करून तश्शीच गाठ पुन्हा मारतात. मागे एकदा मी ताईला विचारलं होतं, कोणाचं कुठलं ते कळतं कसं? म्हणाली, गाठीवरून. पाहुण्यांनासुद्धा ती हे कौतुकाने सांगते.

हे शास्त्रीय नाही.

संध्याकाळ.

झालं. पाठ मोडली पण झालं. सगळी गाठोडी सोडली. पांढरे शर्ट एकत्र, रंगीत शर्ट रंगानुसार, पँटी, साड्या, उशांचे अभ्रे. चादरींचा वेगळा कप्पा. प्रत्येक घडी एकाच मापाची. मुलाखतीची माझी काळी पँट घरून आणून काळ्या पँटींच्या कप्प्यात ठेवली. नियम सर्वांना सारखा.

दारात उभा राहून पाहिलं तर दुकान ओळखू येईना. ताईच्या डोळ्यांत पाणी येईल.

कप्प्यांना लेबलं लावायची होती, पण स्केचपेन वाळलेलं निघालं. लेबलं उद्या.

९ जून, सोमवार. दुपार.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

क्रमाने लिहितो. सकाळी ताई स्टँडवरून थेट दुकानात. काका नुकतेच शटर वर करून आत उभे होते, हात तसाच वर. मी मागून चहाचा थर्मास घेऊन पोचलो. ताईने आत पाहिलं, पिशवी खाली ठेवली, चादरींच्या कप्प्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता माझं नाव घेईल. ती म्हणाली, "काका, गाठोडी कुठायत?"

तेव्हा मला कळलं. घडी केलेला पांढरा शर्ट मास्तरांचा की बँकवाल्यांचा हे शर्टावर कुठेच लिहिलेलं नसतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ताईनेही. मी म्हणालो, मी काल अभ्यास करत होतो. हे वाक्य खरं आहे. दुपारी मी अभ्यास करत होतो. नंतर मी खाली बघून चपलेचा पट्टा लावला. माझ्या चपलेला पट्टा नाही.

ताई काकांना म्हणाली, "तुमच्यावर दुकान टाकून गेले होते." काका म्हणाले, "हो." एवढंच. मग त्यांनी इस्त्रीचं बटण लावलं.

स्केचपेन वाळलेलं होतं हे किती बरं झालं, असा विचार मनात आला. लेबलं असती तर अक्षर ओळखलं गेलं असतं. असा विचार आल्याबद्दल स्वतःला बोललो.

ताईला आज संध्याकाळी सगळं सांगणार. फक्त नेमकं काय झालं ते आधी ठरवायला हवं. धड्याप्रमाणे हे मेस नाही, कारण सगळं स्वच्छ आहे. क्लटर नाही, कारण एकही वस्तू जास्त नाही. मग मी कबुली कशाची देऊ? चुकीच्या शब्दात दिलेली कबुली म्हणजे एक प्रकारचं खोटंच.

१० जून, मंगळवार.

काल सांगता आलं नाही. ताईचं डोकं दुखत होतं.

जंबल: निरनिराळ्या वस्तू कशाही एकत्र टाकलेल्या. पुस्तकात उदाहरणच कपड्यांचं आहे. वाचताना कान गरम झाले. पण पुढे स्पष्ट लिहिलंय, ‘कोणत्याही क्रमाशिवाय’. माझ्या कामात क्रम आहे. उलट आधी नव्हता. म्हणजे जंबलही नाही. जरा हलकं वाटलं. जेवलो.

दुपारी दुकानात गेलो तर मास्तर काकांना म्हणत होते, "काय काका, आज कोणाच्या शर्टात घालून पाठवताय मला?" तिथे बसलेले सगळे हसले. काकाही हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, काका, दवाखान्यात या, डोळे तपासून देते, पैसे नको. काकांनी बरं म्हटलं आणि शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडलं. त्याच कॉलरवर त्यांनी आधीही शिंपडलं होतं.

मी तिथेच होतो. मी म्हणणार होतो. पण मध्येच बोलणं असभ्य.

११ जून, बुधवार. दुपार.

आज शब्द सापडला. मिक्स-अप. एकाच्या जागी दुसरं जाणं. सहसा कोणाचा विशेष दोष नसताना. मी हे वाक्य तीनदा वाचलं. ‘विशेष दोष नसताना.’ इंग्रज लोक किती समजूतदार असले पाहिजेत.

ताईला मिक्स-अप झाला एवढंच सांगायचं. झाला. कोणी केला हा प्रश्नच येत नाही. मराठीत असा सभ्य शब्द नाही, हीच अडचण.

संध्याकाळ.

सांगायला गेलो. ताई जुन्या पत्र्याच्या पेटीतली अडगळ काढत होती. म्हणाली, बरं झालं आलास, ही सरमिसळ झालीय बघ, बटणं वेगळी कर, हुक वेगळे. मी बटणं वेगळी केली. छान झाली. ती म्हणाली, बटणं तुझ्याकडेच द्यायला हवीत, त्यांना मालक नसतो.

यात काही अर्थ आहे का याचा विचार करतोय. नसावा. ताई सहज बोलते.

सांगायचं राहिलं.

१२ जून, गुरुवार.

ताईने रविवारी सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावलंय. ज्याने त्याने आपले कपडे ओळखून न्यावेत. निरोप द्यायला काकाच दारोदार गेले. मी सोबत येऊ का विचारलं. काका म्हणाले, "नको, तुमचा अभ्यास चाललाय ना." टोमणा असावा असं एका बाजूने वाटतं. दुसऱ्या बाजूने, अभ्यास खरोखर चाललाय.

मडल: गोंधळ, बहुतेक वेळा डोक्यातला. हा शब्द वस्तूंपेक्षा माणसाकडे बोट दाखवतो. आवडला नाही. पुढे गेलो.

१३ जून, शुक्रवार.

डिसअरे. आधी असलेली व्यवस्था विस्कटून झालेली स्थिती. म्हणजे आधी व्यवस्था असावी लागते. आणि कोणीतरी विस्कटावी लागते.

हे पान डाव्या हाताला असल्यामुळे पुस्तक उघडलं की तेच उघडतं. त्यावर जड वही ठेवली.

संकल्प: रविवारी सगळ्यांच्या देखत सांगायचं. एकेकट्याला सांगण्यापेक्षा ते जास्त धैर्याचं. वाक्य तयार केलंय. पाठ आहे.

१५ जून, रविवार. दुपार.

दुकानासमोर स्वच्छ चादरी अंथरून ताईने सगळे कप्पे रिकामे केले. माझ्या घड्या उलगडल्या जाताना पाहवेना. अर्ध्या तासात जे झालं त्याला पुस्तकाप्रमाणे केऑस म्हणतात. हा शब्द मी फुकट वाया घालवत नाही.

एक निरीक्षण: चांगल्या शर्टाला तीन मालक असतात आणि फाटक्या बनियनला एकही नसतो. मास्तर निळ्या शर्टाची एक बाही धरून उभे, डॉक्टरीणबाईंचे मिस्टर दुसरी. ताई मध्ये आली, दोघांच्या मानेभोवती टेप लावला आणि काही न बोलता शर्ट मास्तरांना दिला. डॉक्टरीणबाई मिस्टरांना म्हणाल्या, तुमच्याकडे निळा शर्ट होताच कधी? ते म्हणाले, मला वाटलं तू घेतला असशील.

मधेच कोणीतरी म्हणालं, काकांनी इतकी वर्षं केलं, आता आराम करावा. वाईट हेतू नव्हता. काका उशांचे अभ्रे जोडीने लावत होते. ते थांबले नाहीत.

हीच वेळ होती. मी घसा साफ केला. तेवढ्यात बँकवाल्यांनी माझी काळी पँट उचलली.

कमरेला लावून पाहिली. पोट आत घेतलं. "हीच," म्हणाले आणि पिशवीत टाकली.

ती माझी, एवढं म्हणायचं होतं. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता: तुझी पँट गिऱ्हाइकांच्या कपड्यांत कशी? तोंड उघडलेलं होतं ते मिटलं. पाठ केलेलं वाक्यही त्यासोबत आत गेलं. ताई माझ्याकडेच बघत होती. तिला काय वाटलं असेल कोण जाणे. बहुधा मी जांभई दिली असं वाटलं.

शेवटी नऊ बनियन आणि एक टॉवेल उरला. ते कोणाचेच नाहीत.

मुलाखतीला भावोजींची पँट घालीन. माणूस कपड्यांवरून ठरत नाही.

१६ जून, सोमवार.

काका आले नाहीत.

दुपारपर्यंत वाट पाहिली. इस्त्री ताईच करत होती. विचारायचा धीर झाला नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, काढून टाकलं. मग मला सांगावं लागलं असतं. आणि सांगण्याआधी शब्द नक्की हवा, यावर मी अजून ठाम आहे.

१७ जून, मंगळवार. दुपार.

राहवेना. काकांच्या घरी गेलो. ठरवलं होतं, आधी पाया पडायचं, मग बोलायचं. दाराला कुलूप. शेजारच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, गेले की. नवरा-बायको दोघंही. मोठ्या बॅगा होत्या. कधी येतील माहीत नाही.

मोठ्या बॅगा.

परत येताना रस्ता दिसत नव्हता. माझ्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाला घर सोडावं लागलं. याला चौदाव्या धड्यात शब्द नाही. पंधरावाही चाळला. तो प्रवासावर आहे.

संकल्प: मुलाखत होताच ताईला सांगणार. नोकरी मिळाली की सांगणं सोपं जाईल. पहिला पगार काकांना.

१८ जून, बुधवार. दुपार.

मुलाखत झाली.

भावोजींच्या कमरेला दोन मी मावतो. पट्ट्याला शेवटचं भोक होतं त्याच्या पुढे भोक नव्हतं. डावा हात खिशात ठेवून पँट धरून ठेवली. रुबाब दिसला असावा.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, या कामाचा अनुभव? मी म्हणालो, मी एका संपूर्ण लाँड्रीची व्यवस्था नव्याने लावली आहे. बोलून झाल्यावर काय बोललो ते ऐकू आलं. पण थांबता येईना. क्लटर, जंबल, मिक्स-अप, सगळे वापरले. उच्चार चांगले झाले. बाई लिहिता लिहिता थांबल्या आणि साध्या मराठीत म्हणाल्या, "मग लोकांचे कपडे लोकांना मिळाले कसे?"

मग म्हणाल्या, बरं, ही चादर घडी करून दाखवा. डबल बेडची. डबल बेडच्या चादरीला दोन्ही हात वर करावे लागतात. मी कोपरं पोटाला दाबून पाहिली. एक टोक सुटलं. ते धरायला गेलो तेव्हा दुसरी गोष्ट सुटू लागली. मी चादर स्वतःभोवती गुंडाळून उभा राहिलो.

कळवू म्हणाल्या. हसल्या नाहीत. सज्जन बाई.

१९ जून, गुरुवार. संध्याकाळ.

ताईला सांगितलं.

ती इस्त्री करत होती. मी समोर उभा राहून सुरुवात केली. म्हटलं, ताई, त्या दिवशी दुकानात जे झालं त्याला मेस म्हणता येणार नाही, कारण मेसमध्ये अस्वच्छता असते. क्लटरही नाही. जंबल म्हणावं तर त्यात क्रम नसतो...

ती म्हणाली, "घोळ घातलास."

मी म्हटलं, हो.

"मग एवढं म्हणायला अकरा दिवस?"

तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. काळ्या पँटींच्या कप्प्यात माझी पँट होती. काका माझी पँट घरून कशाला आणतील? आणि पँटीची अशी रुमालासारखी घडी घालणारा या घरात एकच आहे. काकांनाही कळलं होतं. किल्ली त्यांनीच दिली होती ना. ते ताईला म्हणाले होते, राहू दे, सांगेल आपणहून. मास्तर हसले तेव्हाही. डॉक्टरीणबाई डोळे तपासायचं म्हणाल्या तेव्हाही. ताई दोनदा सगळ्यांना खरं सांगायला निघाली होती, दोन्हीदा काकांनीच अडवलं.

मी विचारलं, मग काढलं का त्यांना? ती माझ्याकडे बघतच राहिली. काका मुलीकडे गेलेत, नातू झालाय. हे तिने मला गेल्या आठवड्यात जेवताना सांगितलं होतं. मी हं म्हटलं होतं. त्या दिवशी मिक्स-अप चालू होता.

मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी हसलो. म्हणजे काही बिघडलं नाही तर, असं म्हणालो. गिऱ्हाइकांचे कपडे मिळाले, काका मजेत आहेत.

ताईने इस्त्री उभी ठेवली. म्हणाली, "घोळ मीसुद्धा घालते. गेल्या वर्षी मास्तरांचा कोट जाळला होता. गाठोड्यांचं मला काही नाही रे. काकांनी तुझ्याकडे पाहिलं आणि तू खाली बघून चपलेशी खेळलास. त्याला काय म्हणतात तुझ्या पुस्तकात?"

मी पुस्तकात पाहून सांगतो म्हणालो. हे मी खरोखर म्हणालो.

ती आत गेली आणि एक लहानसं गाठोडं आणून माझ्या हातात दिलं. तुझी पँट. बँकवाल्यांच्या कमरेला ती बसलीच नाही, त्याच संध्याकाळी ते परत घेऊन आले. तू मागायला येशील म्हणून ठेवली होती. काकांनी जाण्याआधी बांधून दिलीय. म्हणाले, आता यांच्या घराचीही एक गाठ असू दे.

म्हणजे मुलाखतीच्या दिवशी ती इथेच होती. पाच पावलांवर.

२१ जून, शनिवार. दुपार.

हॉटेलातून काही कळलं नाही. पुस्तक माळ्यावर ठेवलं. शब्द मिळाला नाही. पाहिला, पण मिळाला नाही.

काकांची गाठ सुटत नाही. काल सकाळपासून बसलोय. नखं लावली, दात लावले, चमच्याचं टोक घालून पाहिलं. एक पदर सैल होतो तसा दुसरा घट्ट होतो. कात्री मागितली तर ताई म्हणाली, चादर माझी आहे, कापायची नाही. मग तिनेच सोडवून द्यावी असं म्हटलं. म्हणाली, मला येत नाही ही, त्यांनाच विचार.

काका सोमवारी येताहेत.

त्यांच्यासमोर बोलायचं वाक्य तयार करायला घेतलं होतं. तीन खोडली. आता नुसतं गाठोडं घेऊन जाऊन उभा राहणार आहे. तोवर भावोजींची पँट. डावा हात खिशात.